हात आणि हुकूम

‘रझाकार’ हा शब्द मुळात वाईट नाही. अरबी-फारसीतून उर्दूत आलेल्या या शब्दाचा अर्थ आहे स्वखुशीने काम करणारा, स्वयंसेवक. पूर आला, आग लागली, मोठा इज्तेमा भरला की पाणी वाटायला आणि वाट दाखवायला जे तरुण पुढे येतात त्यांना उर्दूत आजही रझाकारच म्हणतात. मराठीत मात्र या शब्दाला एकच अर्थ उरला. ‘रझाकारी माजली’ म्हटले की जुलूम, लूट आणि जाळपोळ. निवडणुकीच्या दिवसांत, किंवा गावात दोन गटांची बाचाबाची झाली की, हा शब्द मुसलमानाच्या अंगावर फेकला जातो. ज्याच्या अंगावर तो पडतो त्याचा जन्म बहुतेक वेळा १९४८ नंतर कित्येक वर्षांनी झालेला असतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर हा प्रकार आणखीच चमत्कारिक वाटतो. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाच्या हातून इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपये देण्याच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. १९३६ च्या करारातही निजामाचे सार्वभौमत्व शिल्लक राहिले ते कागदावर. त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बरार’ हा किताब मिळाला, राज्य मिळाले नाही. म्हणजे १९४८ साली मेहकर, चिखली, खामगाव किंवा मलकापूरचा मुसलमान निजामाच्या अमलाखाली नव्हता. तो मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारचा, म्हणजे हिंदी संघराज्याचा नागरिक होता. पण सरहद्द हाकेच्या अंतरावर होती. लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा ओलांडले की मोगलाई लागत असे. इकडची सोयरीक तिकडे, तिकडचा बाजार इकडे. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ एकाच राज्यात आले, सरहद्द पुसली गेली. आणि ज्याने रझाकार डोळ्यांनी पाहिला नाही त्याच्या नातवंडांच्या कपाळीही तो शब्द आला.

याबद्दल नुसती तक्रार करून भागणार नाही. या शब्दामागे एक खराखुरा नैतिक प्रश्न आहे आणि तो आपणच विचारला पाहिजे. एखादा राजकीय पक्ष राष्ट्राच्या, धर्माच्या किंवा मुक्तीच्या नावाने तरुणांच्या हाती शस्त्र देतो. त्या शस्त्राने जे घडते त्याची जबाबदारी कोणाची? शस्त्र चालवणाऱ्या हाताची, हुकूम देणाऱ्या पक्षाची, की पक्ष ज्याच्या नावाने बोलतो त्या सबंध समाजाची?

पक्षाला फौज कशाला लागते?

राष्ट्रवादी चळवळीतल्या पक्षाला दोन ठिकाणी उभे राहावे लागते. एक वाटाघाटीच्या मेजाशी आणि दुसरे रस्त्यावर. मेजाशी त्याला शहाणा दिसायचे असते, रस्त्यावर बलवान. ही दोन्ही रूपे एकाच माणसाला धारण करता येत नाहीत, म्हणून पक्ष आपले दोन भाग करतो. एक भाग निवेदने काढतो, दुसरा कवायत करतो. मग पहिला भाग सरकारला सांगतो, “माझे ऐका, नाहीतर ही पोरे माझ्याने आवरणार नाहीत.” या वाक्यात मोठी सोय आहे. धाक दाखवायला पोरे आपली, आणि जाब द्यायची वेळ आली की पोरे परकी.

ही सोय कोणत्याही एका धर्माची किंवा देशाची नाही. आयर्लंडमध्ये डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत शिन फेन या पक्षाने ७३ जागा जिंकल्या आणि २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये आपली स्वतंत्र लोकसभा भरवली. त्याच दिवशी, त्या लोकसभेला न विचारता, सशस्त्र स्वयंसेवकांनी सोलोहेडबेग येथे दोन पोलिसांना गोळ्या घातल्या. त्या सैन्याच्या कृत्यांची जाहीर जबाबदारी लोकनियुक्त नेत्यांनी घेतली ती १९२१ च्या मार्चमध्ये. मधल्या दोन वर्षांत माणसे मरत होती, पण ती कोणाच्या नावावर मरत होती हे ठरलेले नव्हते. पुढे १९२२ मध्ये लोकसभेने तह मान्य केला तेव्हा त्याच सैन्याचा एक भाग म्हणाला, आम्ही मानत नाही. इंग्रजांविरुद्ध उचललेली बंदूक मग आपल्याच भावांवर चालली.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण साताऱ्याच्या प्रतिसरकारचे. बेचाळीसच्या आंदोलनात काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी आपले सरकार, आपले न्यायनिवाडे आणि तुफान सेना उभी केली. १९४४ मध्ये सुटून आल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड होण्यास सांगितले. साताऱ्यातल्या अनेकांनी ते मानले नाही. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले. प्रतिसरकारबद्दल मनात आदर ठेवूनही एवढे लक्षात घ्यावे लागते की, शस्त्र एकदा हाती आले की ते ज्याच्या नावाने उचलले त्याचेही ऐकेल याची खात्री नसते.

म्हणून मला वाटते, अशा कोणत्याही पक्षाला तीन प्रश्न विचारावेत. शस्त्रधाऱ्यांवर हुकूम कोणाचा चालतो? निरपराधाचा जीव गेला तर उभे राहून उत्तर कोण देतो? आणि शस्त्र खाली ठेवा म्हटल्यावर ते खाली ठेवले जाते का? हे तीन प्रश्न घेऊन आपण मोगलाईत जाऊ.

इत्तेहाद आणि रझाकार

मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ मध्ये हैदराबादेत निघाली. बहादूर यार जंग यांच्यासारखा विलक्षण वक्ता तिला लाभला आणि संघटनेचे रूपांतर राजकीय पक्षात झाले. तिच्या विचाराचा गाभा असा होता की, राज्याचे सार्वभौमत्व एकट्या निजामाचे नाही, ते मुसलमान समाजाचे आहे. निजाम त्याचे प्रतीक. दुसऱ्या शब्दांत, हैदराबादेतला प्रत्येक मुसलमान हा राज्याचा धनी.

हा विचार ऐकायला गोड होता. पण तो कोणाला सांगितला जात होता ते पाहा. राज्याची लोकसंख्या सुमारे एक कोटी साठ लाख; त्यात मुसलमान आठांत एक. त्यातही जहागिरी, मनसबी आणि मोठ्या नोकऱ्या मूठभर घराण्यांच्या. बाकीचे विणकर, पिंजारी, अत्तार, टांगेवाले, चपराशी, शेतमजूर. ज्याच्या घरात दोन वेळचे धान्य नव्हते त्याला सांगितले गेले की तू राजा आहेस. त्याला राज्य कधीच मिळाले नाही. मिळाली ती खाकी वर्दी, लाठी, भाला आणि कुठे कुठे बंदूक.

१९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले. १९४६ मध्ये पक्षाची सूत्रे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या हाती आली. पक्षाचा अध्यक्ष तोच रझाकारांचा सरसेनापती. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे स्वच्छ आहे. हात आणि हुकूम यांत अंतरच नव्हते. ‘गावगुंडांनी नाव बदनाम केले’ हा बचाव म्हणून येथे टिकत नाही. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात जे हत्याकांड झाले, मराठवाड्यातली जी खेडी लुटली आणि जाळली गेली, तेथून जी कुटुंबे मुलेबाळे घेऊन सरहद्दीच्या अलीकडे आली, त्याचा जाब पक्षालाच द्यावा लागतो. हे मुसलमान वाचकांच्या अंकात मुसलमान लेखकाने स्पष्ट लिहिले पाहिजे. आपण ते गुळमुळीत लिहिले, तर आपल्यावर झालेल्या अन्यायाविषयी बोलण्याचा आपला हक्क तेवढा कमी होतो.

पण याहून मोठी गोष्ट २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे घडली. निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला जैसे थे करार करण्यासाठी निघणार होते. पंतप्रधान छतारीचे नवाब, घटनातज्ज्ञ वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद हे त्यात होते. निजामाने मसुद्याला मान्यता दिली होती. इत्तेहादने हजारोंचा जमाव त्यांच्या घरांभोवती उभा केला. शिष्टमंडळ निघूच शकले नाही. छतारींनी राजीनामा दिला, मीर लायक अली पंतप्रधान झाले, नव्या शिष्टमंडळाने महिनाभर घालवून २९ नोव्हेंबरला करार केला तो जवळजवळ पहिल्याच मसुद्यासारखा. मिळवले काय? काहीच नाही. गमावले मात्र पुष्कळ. त्या पहाटेपासून निजाम, त्याचे मंत्रिमंडळ आणि खुद्द पक्षातले समंजस लोक रस्त्यावरच्या जमावाचे ओलीस झाले. हुकमासाठी उभा केलेला हात हुकमाचाच मालक झाला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या पहाटेच मिळाले होते.

दुसरी बाजू

समोरच्या बाजूलाही शस्त्र होते. हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये स्थापन होत असतानाच तिच्यावर बंदी आली. सत्याग्रह झाला, बंदी १९४६ मध्ये उठली. स्वामी रामानंद तीर्थ या पक्षाचे नेते. गांधीमार्गावरची त्यांची निष्ठा वादातीत. ऑगस्ट १९४७ मध्ये ‘हिंदी संघराज्यात सामील व्हा’ अशी मागणी घेऊन लढा सुरू झाला, स्वामीजी तुरुंगात गेले आणि पक्षाच्या कृतिसमितीने सरहद्दीलगत संघराज्याच्या हद्दीत शिबिरे उघडली. वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी अशी शिबिरे होती. तेथून सशस्त्र तुकड्या मोगलाईत घुसत, करोडगिरीची नाकी, पोलीस ठाणी, दफ्तरे यांवर हल्ले करीत आणि परत येत.

३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक अशाच तुकडीने लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. गांधींना मानणाऱ्या पक्षाची मुले एकीकडे बँक फोडत होती आणि दुसरीकडे अहिंसेचा धनी गोळीला बळी पडत होता, हा योगायोग मन अस्वस्थ करतो. तरीही उमरीच्या प्रसंगातली एक बाब नोंदवली पाहिजे. लुटलेली लाखोंची रक्कम पक्षाकडे जमा झाली, तिचा हिशेब ठेवला गेला आणि त्या हिशेबाचा चळवळीने पुढे अभिमानाने उल्लेख केला. म्हणजे हात हुकमाखाली होता.

येथे कोणी म्हणेल की तुम्ही दोन्ही पारडी सारखी करीत आहात. तसे नाही. एका बाजूला सत्ता होती, पोलीस होते, सरकारी खजिना होता. दुसऱ्या बाजूला बंदी घातलेला पक्ष आणि मताधिकार नसलेली प्रजा. जुलमाखाली दबलेल्या माणसाने स्वसंरक्षणासाठी लाठी उचलली तर तिला आणि जुलमाच्या लाठीला एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. पण दुसरा प्रश्न सगळ्यांनाच लागू आहे. नाके फोडायला निघालेल्या टुकडीच्या वाटेत खेडी येतात, खेड्यांत माणसे असतात, आणि रात्रीच्या अंधारात रझाकार कोण व नुसता मुसलमान कोण हे दिसत नाही. शिबिराच्या वहीत पैशाचा हिशेब राहिला. माणसांचा राहिला का? विजयी पक्षाचा इतिहास हा प्रश्न सहसा विचारत नाही. पराभूत पक्षाला तो विचारावाच लागतो, एवढाच काय तो फरक.

तेलंगणात तिसरा पक्ष होता, कम्युनिस्टांचा. ११ सप्टेंबर १९४७ रोजी रावी नारायण रेड्डी, बद्दम येल्ला रेड्डी आणि उर्दूचे लाडके शायर मखदूम मोहिउद्दीन या तिघांनी निजामाविरुद्ध सशस्त्र लढ्याची हाक दिली. हैदराबादचे सगळे मुसलमान एका झेंड्याखाली होते असे म्हणणाऱ्यांनी मखदूम हे नाव जरूर लक्षात ठेवावे. निजाम शरण गेल्यावर बंदूक खाली ठेवावी की भारत सरकारविरुद्ध चालू ठेवावी, यावर या पक्षात कडाक्याचा वाद झाला. रावी नारायण रेड्डी लढा थांबवण्याच्या मताचे होते. पक्षाने त्यांचे ऐकले नाही. तीन वर्षे आणखी रक्त सांडले. अखेर ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षाने लढा मागे घेतला. काही महिन्यांतच १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नलगोंड्याहून हेच रावी नारायण रेड्डी देशात सर्वांत जास्त मते घेऊन लोकसभेवर निवडून आले. उशिरा का होईना, पक्षाच्या हुकमाने शस्त्र थांबले आणि थांबल्यावर पक्ष लहान झाला नाही, मोठाच झाला.

लिहिणारा हात

या गदारोळात ज्यांच्या हाती शस्त्र नव्हते त्यांचे काय? सशस्त्र गट पाळणारा पक्ष सर्वांत आधी परक्याला नव्हे, आपल्यातल्या वेगळे बोलणाऱ्याला घाबरतो. परक्याचा विरोध त्याला हवाच असतो. त्यावर तर त्याचे पोट चालते. आपल्यातला विरोध मात्र त्याचा मूळ दावाच खोटा पाडतो. ‘सगळा समाज आमच्या मागे आहे’ हा तो दावा.

ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेतल्या सात मुसलमानांनी एक निवेदन काढले. त्यात बाकर अली मिर्झा, मुल्ला अब्दुल बासित, फरीद मिर्झा अशी नावे होती. रझाकार संघटना मोडून काढावी आणि संघराज्यात सामील व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. फरीद मिर्झा हे महसूल खात्यातले अधिकारी. रझाकारांचे वर्तन पाहून त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला होता. शोएबुल्लाखान या तरुण संपादकाने आपल्या ‘इमरोज़’ या उर्दू दैनिकात हे निवेदन छापले. अशी मते छापू नयेत म्हणून त्यांना धमक्या आल्या होत्या. २१ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्याच, शिवाय लिहिता हात तोडला. पहाटे त्यांचा मृत्यू झाला.

हात तोडण्यामागे एक अर्थ होता. शस्त्र धरणाऱ्या हाताला लिहिणारा हात सहन होत नाही, कारण तोही त्याच समाजाचा हात असतो आणि त्याला कोणाचा हुकूम नसतो. शोएबुल्लाखान रझाकार या शब्दाच्या मूळ अर्थाने खरा रझाकार होता. स्वखुशीने, कोणी न सांगता, जोखीम पत्करून काम करणारा. मराठीत मुसलमानाला रझाकार म्हणणाऱ्यांना हे नाव ठाऊक नसते. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की आपल्या मुलांनाही ते ठाऊक नसते.

किंमत कोणी मोजली?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. या कारवाईला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. मराठवाड्यातली जुनी माणसे जन्म, लग्न, दुष्काळ यांची वर्षे या नावाने मोजत, “पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी दोन वर्षे” अशी. शस्त्राच्या बळावर दिल्लीवर झेंडा लावण्याच्या गोष्टी करणारी रझाकारांची फौज पाच दिवसांत विरून गेली. कासिम रझवी पकडले गेले, खटला झाला, शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये तिथेच वारले. त्यांना खटला मिळाला, वकील मिळाला, तुरुंगाचे छप्पर मिळाले.

उस्मानाबाद, बिदर, नांदेड, गुलबर्गा जिल्ह्यांतल्या गरीब मुसलमानाला यातले काहीच मिळाले नाही. कारवाईनंतरच्या आठवड्यांत तेथे सूड सुरू झाला. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये त्या भागात फिरली. तिच्या अंदाजाप्रमाणे सबंध राज्यात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली आणि हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. कासिम रझवी ज्या गावचे वकील त्या लातूरवर तर विशेष राग निघाला. सरकारने हा अहवाल स्वीकारला नाही, प्रसिद्धही केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सर्वांना वाचण्यास खुला झाला तो २०१३ च्या सुमारास, म्हणजे तब्बल पासष्ट वर्षांनी. त्या अहवालात आणखीही एक नोंद आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. विशेषतः हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना. पक्षांनी काढलेली रेषा मागाच्या खड्ड्यात बसणाऱ्यांनी मानली नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. जबाबदारी कोणाची? इत्तेहादने सांगितले होते की प्रत्येक मुसलमान राज्याचा धनी आहे. सूड घेणाऱ्यांनी तेच वाक्य उलट बाजूने खरे मानले. प्रत्येक मुसलमान धनी असेल तर प्रत्येक मुसलमान गुन्हेगारही ठरतो. ज्याला सत्ता कधीच मिळाली नव्हती त्याला सत्तेची शिक्षा मिळाली. समाजाच्या नावाने शस्त्र उचलणारा पक्ष समाजाचे रक्षण करीत नाही. तो सगळ्या समाजाला ओलीस ठेवतो, आणि ओलिसाला याची खबर फार उशिरा लागते. या दोन्ही बाजूंना एकच तर्क जोडतो, तो म्हणजे पक्ष म्हणजेच समाज. हा तर्क पक्षाने वापरला तेव्हाही खोटा होता, आणि सूड घेणाऱ्याने वापरला तेव्हाही खोटाच होता.

आपल्या धर्माने तर हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे की एकाच्या गुन्ह्याचा भार दुसऱ्याच्या पाठीवर टाकता येत नाही. आपण ही शिकवण आपल्यावर आरोप झाला की आठवतो. गोरट्याच्या घरांपाशी आपल्याला ती आठवली पाहिजे होती. तिथे जे मारले गेले त्यांचाही कोणत्या शिबिराशी किंवा कोणत्या पक्षाशी हिशेब नव्हता.

आज हे कशासाठी?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. मुक्ती खरी होती. जहागीरदारी गेली, मताचा हक्क आला, शाळेत मातृभाषा आली. त्याचा लाभ हिंदूंबरोबर त्या राज्यातल्या गरीब मुसलमानालाही झाला. मग तो दिवस आपला का वाटत नाही? कारण त्या दिवशी आपल्यापुढे दोनच पाट मांडले जातात, रझाकारांचा किंवा रझाकारांच्या वैऱ्यांचा. शोएबुल्लाखानचा, मखदूमचा, राजीनामा देणाऱ्या फरीद मिर्झांचा पाट कोणी मांडतच नाही. तो आपण मांडायचा आहे. आपल्या शाळांच्या कार्यक्रमांत, आपल्या साहित्य संमेलनांत, आपल्या अंकांत गोरटा आणि लातूर ही दोन्ही गावे एकाच दमात उच्चारली गेली पाहिजेत. एकच गाव सांगणारा माणस इतिहास सांगत नाही. तो पुढच्या भांडणाची तयारी करीत असतो.

आणि हे फक्त जुन्या काळापुरते नाही. आजही पक्ष आहेत आणि पक्षांच्या आडोशाने दले, सेना, ब्रिगेडी, पथके आहेत. कोणाच्या हाती लाठी, कोणाच्या हाती तलवार, कोणाच्या हाती नुसता भ्रमणध्वनी आणि त्यावर जमाव जमवण्याची ताकद. झेंड्यांचे रंग निराळे आहेत, सोय मात्र जुनीच आहे. मोर्चा यशस्वी झाला तर कार्यकर्ते आमचे. दुकान जळाले तर ते समाजकंटक. प्रत्येक पक्षाचा प्रवक्ता हे वाक्य पाठ केल्यासारखे म्हणतो आणि आपणही ते ऐकून घेतो.

ऐकून घेऊ नये. चिखलीच्या चौकात असो की जालन्याच्या, जो पुढारी आपल्या मुलाला ‘कौमसाठी’ किंवा ‘देशासाठी’ रस्त्यावर बोलावतो त्याला तेच तीन प्रश्न विचारावेत. या पोरांवर हुकूम कोणाचा? उद्या कोणी निरपराध मेला तर पोलीस ठाण्यात आणि मयताच्या दारात तुम्ही स्वतः याल का? आणि थांबा म्हटल्यावर ती थांबतील का? तिन्ही उत्तरे स्पष्ट नसतील तर मुलाला घरी घेऊन यावे. पुढाऱ्याचा स्वतःचा मुलगा त्या गर्दीत आहे का, हेही जाता जाता पाहून घ्यावे. चौथा प्रश्न विचारण्याची मग सहसा गरज पडत नाही.